नटवी अक्षरे : ऑनलाइन मराठीतील फॅन्सी फॉन्ट आणि विशेष चिन्हांचा आढावा

ऑनलाइन मजकूर नटवण्याचे तीन प्रकार आहेत आणि बोलताना तिन्हींना ‘फॅन्सी फॉन्ट’ हे एकच नाव मिळते. पहिल्यात अक्षर तेच राहते, ते रेखाटणारा फॉन्ट तेवढा बदलतो. दुसऱ्यात नेहमीच्या रोमन अक्षरांऐवजी त्यांच्यासारखी दिसणारी, पण संगणकाच्या लेखी निराळी असलेली चिन्हे वापरली जातात. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर जाड, तिरक्या किंवा जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत झळकणारी नावे या प्रकारातली. तिसऱ्यात मजकुराच्या आजूबाजूला किंवा मध्येच चांदण्या, वेलबुट्ट्या, ओंकार, स्वस्तिक, दंड अशी चिन्हे येतात. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत तिन्ही प्रकार रोजच्या वापरात आहेत. फ्लेक्सच्या दुकानात पहिला चालतो, कॉलेजच्या पोरांच्या प्रोफाइलवर दुसरा, आणि तिसरा वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून दशक्रियेच्या निरोपापर्यंत सगळीकडे. पहिल्याने छापलेले वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही, दुसऱ्याने बरेच बिघडते. तिसऱ्याचा निवाडा मात्र चिन्हागणिक करावा लागतो.

अक्षराचा साज आणि अक्षराची ओळख यांची सांगड घालण्याचा प्रश्न देवनागरीला छापखान्यापासून आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी उभ्या केलेल्या मुक्ती मिशनचा स्वतःचा छापखाना होता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी मराठीत आणलेले बायबल याच छापखान्यात छापले गेले आणि खिळे जुळवण्याचे काम मिशनमधल्या स्त्रियांनीच केले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. शिशाच्या जगात प्रत्येक विशेष अक्षर ही हातात धरता येणारी वस्तू असे. एखाद्या जोडाक्षराचा खिळा खिळ्यांच्या पेटीत नसेल तर हलन्ताने वेळ मारून न्यावी लागे. देवनागरीला लागणाऱ्या शेकडो खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या निमित्ताने खटपट केली. ‘अ’ला वेलांटी आणि उकार लावून स्वर लिहिण्याची सावरकरांची बाराखडीही याच अडचणीतून पुढे आली. तेव्हा अडचण खिळ्यांची होती, पण एकदा छापलेले पान कोणालाही वाचता येई. पाठवणाऱ्याला एक दिसावे आणि घेणाऱ्याला दुसरेच, हा प्रकार संगणकाबरोबर आला.

पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने देवनागरीसाठी संगणकावर मोठे काम केले. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे सांकेतिक मानकही ठरवले. डीटीपीच्या बाजारात मात्र राज्य चालले ते श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांचे. त्यांची युक्ती सोपी होती. रोमन अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे : एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी काना, तिसऱ्या जागी रफार. संगणक समजे की तो इंग्रजी अक्षरे साठवतो आहे. डोळ्यांना दिसे मराठी. तुकडा कोणत्या जागी बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले, त्यामुळे एकीची फाइल दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडली की अक्षरांचा भुगा होई. नव्वदच्या दशकाअखेरीस मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर आली तेव्हा वाचकाला आधी त्या त्या वृत्तपत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, तो यामुळेच.

या व्यवस्थेचा अंमल तालुक्याच्या गावांत अजून संपलेला नाही. शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशन परिसरात वाढदिवसाचा, यात्रेचा किंवा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स करायला गेले, की ऑपरेटर बहुधा कोरलड्रॉ उघडतो आणि ‘श्री-देव’ नावाच्या मालिकेतला एखादा आकडेवाला फॉन्ट लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या मालिकांत वळणदार, जाड, सावलीचे, कोरीव असे शेकडो नमुने आहेत आणि युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक सांकेतिक मानकाच्या फॉन्टमध्ये तेवढी विविधता फार उशिरा आली. शिवाय कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे फुटतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही दक्षिण आशियाई लिप्यांची सोय मुद्दाम चालू केल्याशिवाय ‘ग्रामपंचायत’चे पहिलेच अक्षर हलन्त दाखवू लागते. फ्लेक्स छापून चौकात लागला की त्याचे काम झाले. कोणता संकेत वापरला हे कोणी विचारत नाही. घोळ होतो तो तोच मजकूर व्हॉट्सॲपवर टाकताना. ऑपरेटरने कोरलमधून उचलून चिकटवलेल्या चार ओळी समोरच्या फोनवर डॉलर, टक्का, अर्धविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून उतरतात. मग मजकुराऐवजी फ्लेक्सचे चित्रच पाठवण्याचा रिवाज पडतो, आणि तोच आज ग्रामीण महाराष्ट्रातला सर्वांत मोठा ‘फॅन्सी फॉन्ट’ आहे.

युनिकोडने हा गुंता तत्त्वतः १९९१ मध्येच सोडवला होता. त्याने देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिला आणि एक नियम घातला : संकेत अक्षराला मिळेल, आकाराला नाही. आकार ठरवण्याचे काम फॉन्टचे. ‘शिरूर’ हा शब्द साठवताना श, वेलांटी, र, दीर्घ उकार, र असे पाच संकेत ओळीने जातात. वेलांटी दिसते श-च्या आधी, साठते नंतर. ‘रू’चा उकार खाली न लटकता र-च्या कुशीत जातो. ही दोन्ही कामे फॉन्ट करतो. ‘दौंड’मध्ये चार संकेत आहेत : द, औकार, अनुस्वार, ड. औकाराच्या दोन मात्रा आणि अनुस्वाराचा टिंब यांनी एकाच डोक्यावर दाटी केलेली असल्याने फॉन्ट निष्काळजीपणे केलेला असेल तर तो इथे लगेच उघडा पडतो. नवा मराठी फॉन्ट पारखायला हा शब्द चांगला. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आला आणि युनिकोड मराठी घरच्या संगणकावर दिसू लागली. मोबाइलवर ती बिनचूक दिसायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. सुरुवातीच्या कित्येक अँड्रॉइड फोनांवर मराठी निरोप म्हणजे रिकाम्या चौकोनांची रांग असे.

दुसऱ्या प्रकाराची, म्हणजे नकली अक्षरांची, मुळे पाहिली तर गंमत वाटते. ती अक्षरे सजावटीसाठी कोणी केलेलीच नाहीत. गणितात जाड, तिरके, हस्तलिखित वळणाचे आणि जर्मन वळणाचे एकच अक्षर चार वेगळ्या राशींसाठी येऊ शकते, तिथे आकार हाच अर्थ असतो. म्हणून २००१ च्या युनिकोड ३.१ मध्ये रोमन आणि ग्रीक अक्षरांचे, अंकांचे असे गणिती संच स्वतंत्र संकेतांनी घातले गेले. वर्तुळातली आणि रुंद अक्षरे पूर्व आशियाई संगणकांच्या जुन्या मानकांतून आली, छोटी कॅपिटल आणि उलटी अक्षरे बरीचशी उच्चारशास्त्राच्या लिपीतून. ‘फॅन्सी टेक्स्ट’ देणारी ॲप एवढेच करतात की साधे अक्षर काढून त्याच्या जागी या संचांतले त्याच्यासारखे दिसणारे चिन्ह ठेवतात. फॉन्ट बदलतच नाही, आणि म्हणून हा प्रकार जिथे फॉन्ट निवडण्याची सोय नाही त्या प्रोफाइलवरही चालतो. इन्स्टाग्रामवर तो दर्शनी नावात आणि परिचयात चालतो. वापरकर्तानाम मात्र साधी रोमन अक्षरे, अंक, टिंब आणि अधोरेखा यांपलीकडे काही घेत नाही. ओळख पटवण्याच्या जागी कंपनीलाही नखरा परवडत नाही, असा त्याचा अर्थ.

देवनागरीसाठी असा एकही गणिती संच नाही. ‘शिरूरकर’ हे नाव देवनागरीत लिहून कोणत्याही ॲपमध्ये टाकले तरी ते होते तसेच परत येते. फार तर प्रत्येक अक्षराखाली रेघ किंवा आजूबाजूला चांदणी लागते. त्यामुळे नटायचे तर रोमनमध्ये, असा कल तरुणांत दिसतो. गावाचे नाव, कुळाचे नाव, ‘किंग’, ‘भाऊ’, ‘पाटील’ हे सारे रोमन लिपीत आणि गणिताच्या अक्षरांत. मराठी लिपीच्या दृष्टीने हे नुकसान म्हणावे, पण देवनागरी मजकूर या रोगापासून आपोआप वाचला हेही तितकेच खरे.

रोग हा शब्द जरा कडक वाटेल, पण परिणाम पाहावेत. गणिती अक्षरांत ‘दौंड’ रोमनमध्ये लिहिले तर वाचणाऱ्याला ते दौंडच दिसते. साध्या शोधाला ते दिसत नाही. गूगलसारखी मोठी शोधयंत्रे अशा चिन्हांना मूळ अक्षरांत परतवून घेतात, परंतु फोनमधली संपर्कयादी, दुकानाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर, शाळेची प्रवेशयादी यांच्याकडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही. दृष्टिहीन वाचकाची अडचण याहून मोठी. फोनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अशा नावापाशी आले की कधी गप्प बसते, तर कधी प्रत्येक अक्षरामागे ‘गणिती जाड मोठे’ अशा अर्थाचे लांबलचक इंग्रजी नाव उच्चारते. सहा अक्षरी नावासाठी ऐकणाऱ्याला सहा वाक्ये सोसावी लागतात. जुन्या फोनवर ही चिन्हे चौकोन होतात. साठवणीतही फरक पडतो : साध्या रोमनमध्ये ‘शिरूर’ला ६ बाइट लागतात, देवनागरीत १५, गणिती रोमनमध्ये २४.

बाइटांचा हा हिशेब व्हॉट्सॲपवर कोणाला जाणवत नाही, एसएमएसवर पैशात जाणवतो. साध्या रोमन अक्षरांचा एसएमएस १६० अक्षरांचा असतो. त्यात नेहमीच्या संचाबाहेरचे एक चिन्ह जरी आले तरी सगळा निरोप युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. लांब निरोप तुकड्यांत गेला तर प्रत्येक तुकड्यात ६७. पतसंस्थेच्या वार्षिक सभेची १५० अक्षरांची रोमन सूचना एका एसएमएसमध्ये मावते. तीच वर्डमधून उचलताना एक वळणदार अवतरणचिन्ह सोबत आले, किंवा कोणी हौसेने शेवटी हात जोडलेली इमोजी लावली, तर तिचे तीन एसएमएस होतात, आणि हजार सभासदांना पाठवताना बिल तिप्पट येते. देवनागरी सूचनेला ७० ची मर्यादा पहिल्यापासूनच आहे. तिथे खर्च लिपीचा असतो आणि तो करण्याजोगा आहे. अवतरणचिन्हाचा खर्च निव्वळ वाया जातो. गणिती अक्षरे तर प्रत्येकी दोन जागा खातात, म्हणजे एका एसएमएसमध्ये उरतात ३५.

आता विशेष चिन्हे. यातली काही मराठीला हवीतच, आणि त्यांची कथा सजावटीच्या चिन्हांपेक्षा गुंतागुंतीची आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्यावा. ज्या दोन तालुक्यांत साखर कारखान्याच्या नोटिशीपासून पीकविम्याच्या सूचनेपर्यंत प्रत्येक कागद याच शब्दाने सुरू होतो, तिथे त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. यातला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. तो नसेल तर ‘आचाऱ्यांना’ बोलावणे गेले की ‘आचार्यांना’ हे कळणार नाही. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि य. जोडचिन्ह पडद्यावर दिसत नाही, पण मजकुरात असते. पहिल्या रीतीने ‘शेतकऱ्यांना’ ११ संकेतांचा होतो, दुसऱ्या रीतीने १२. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखे, शोधायला मात्र दोन वेगळे शब्द. ज्याने एक रीत वापरून यादी केली त्याला दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्याची हाक ऐकू जात नाही. तिसरी तऱ्हा चुकीचीच : कीबोर्डवर सापडले नाही म्हणून ‘शेतकर्यांना’ असा रफार टाकणे. दौंड तालुक्यातल्या यवत आणि वरवंडला तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला येते त्या दिवसांत ‘वारकर्यांचे स्वागत’ असे लिहिलेले निरोप याच गटातले.

‘ॲ’चेही असेच. त्याला स्वतःचा संकेत २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला; त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवले जाई आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसेच करतात. दोन ‘ॲम्ब्युलन्स’ एकसारख्या दिसतात आणि शोधात एकमेकींना भेटत नाहीत. रुपयाचे चिन्ह मात्र भाग्यवान ठरले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांचे रेखाटन केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये दाखल झाले. मधल्या काही आठवड्यांत उत्साही मंडळींनी भलत्याच चिन्हाच्या जागी रुपया बसवलेला फॉन्ट वाटला होता. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना किमतीआधी उलटा स्वल्पविराम दिसे. ‘रु.’ लिहिणाऱ्यांना ही झळ कधीच लागली नाही.

याउलट जिथे फॉन्टने काम करायचे तिथे लोक विशेष चिन्ह शोधत बसतात, अशीही उदाहरणे आहेत. मराठीचा पाकळ्यांचा ल आणि देठाचा श हिंदी वळणाहून वेगळे असतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी लेखनासाठी देवनागरी वर्णमाला प्रमाणित केली, त्यातही ही वळणे आहेत. त्यांना युनिकोडमध्ये वेगळा संकेत नाही आणि नसणेच बरोबर आहे. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले की चांगला फॉन्ट स्वतःहून मराठी वळण काढतो. फोनची भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवून ‘माझा ल हिंदी का दिसतो’ म्हणणाऱ्याने आधी सेटिंग पाहावी.

सजावटीची चिन्हे कोठून आली हे वापरणाऱ्याच्या गावीही नसते. मोबाइलवरच्या खेळांत नावाच्या दोन्ही बाजूंना लावतात त्या मोठ्या वेलबुट्ट्या इंडोनेशियातल्या जावानी लिपीतली विरामचिन्हे आहेत. ती २००९ मध्ये युनिकोडमध्ये आली. त्यांच्या आतले नाजूक कंस बहुधा तिबेटी असतात. लग्नपत्रिकेच्या मजकुरात डकवलेले स्वस्तिक बऱ्याचदा चिनी लिपीच्या पट्ट्यातले असते, कारण ते तिथे फार आधीपासून आहे. ओंकार, दंड, दुहेरी दंड आणि अवग्रह ही मात्र देवनागरीच्या पट्ट्यातलीच असल्याने त्यांचे रूप आणि उंची मजकुराशी जुळते. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ लिहिताना दोन उभ्या रोमन रेघा ओढण्यापेक्षा खरा दुहेरी दंड वापरणे केव्हाही चांगले. विसर्गाच्या जागी टाकलेला रोमन अपूर्णविरामही असाच खटकतो. शब्द तिथे तुटतो.

एखादे अक्षर कधी यंत्रालाही झेपत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोनवरची ॲप बंद पडू लागली आणि ॲपलला तातडीने दुरुस्ती काढावी लागली. अक्षर साधेच होते, ते रेखाटणारी यंत्रणा अडखळली. एकसारख्या दिसणाऱ्या चिन्हांचा गंभीर उपयोग फसवणुकीत होतो. रशियन लिपीतला ‘आ’ रोमन अक्षरासारखाच दिसतो आणि त्याच्या जोरावर बँकेच्या नावाची नकली लिंक तयार करता येते. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम मिळू लागले तेव्हा म्हणूनच कोणती चिन्हे चालतील याचे नियम आखावे लागले. लिंकमधले अक्षर जरा जरी वेगळ्या जाडीचे किंवा वळणाचे दिसले तरी ती न उघडणे शहाणपणाचे.

नटण्याची हौस रास्त मार्गाने भागवायची सोय आता पुष्कळ आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्ता, बलू, मोदक हे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू उपलब्ध केले. मोदकसारखा गुबगुबीत फॉन्ट रांजणगावच्या गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर शोभेल, नोटिशीवर नाही. तो विवेक ऑपरेटरनेच करायचा. नाटकांची शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे किंवा सुलेखनकार अच्युत पालव यांनी अक्षराला जे व्यक्तिमत्त्व दिले ते कोणत्याही ॲपमधून येत नाही, पण त्या परंपरेतून शिकलेल्यांनी केलेले फॉन्ट तिच्या जवळ नेतात. व्हॉट्सॲपमध्ये शब्दाच्या दोन्ही टोकांना तारांकन लावले की तो जाड होतो आणि अक्षर तेच राहते. शोधात सापडते, वाचून दाखवता येते. तिरकी देवनागरी मात्र टाळावी. या लिपीच्या परंपरेत तिरके वळण नाही आणि यंत्राने वाकवलेली शिरोरेषा डोळ्यांना बोचते.

चित्ररूप फ्लेक्सचे काय, हा प्रश्न उरतो. ते बंद होणार नाही, व्हायचे कारणही नाही. चित्र पुढे पाठवताना पुसट होते, त्यातला मजकूर शोधता येत नाही आणि दृष्टिहीनाला ते कोरे असते. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण आणि फोन नंबर चित्राखाली साध्या अक्षरांत पुन्हा लिहिले की तिन्ही अडचणी बहुतांशी सुटतात. फोन नंबर इंग्रजी अंकांत दिलेला बरा, कारण देवनागरी अंकांवर बोट ठेवून फोन लागेलच असे नाही.

शेवटचा भाग जुन्या फाइलींचा. दोन-तीन दशकांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, स्थानिक साप्ताहिके, संस्थांचे अहवाल श्रीलिपी आणि आकृतीच्या संकेतांत अडकून पडले आहेत. ते युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके मिळतात. मूळ फॉन्टचे नेमके नाव ठाऊक असेल तर काम बरेच अचूक होते. नाव चुकले तर अख्खे पान बिघडते, म्हणून फाइलबरोबर फॉन्टचे नाव लिहून ठेवणे ही पहिली खबरदारी. रूपांतरानंतरच्या चुका ठरावीक जागी सापडतात : रफार एक अक्षर पुढे सरकतो, वेलांटी जोडाक्षराच्या मधोमध घुसते, पापणीचा र साधा होतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ फुटतात. त्यामुळे मुद्रितशोधकाने अशा फाइलीत ओळीने वाचायला बसण्याआधी ‘कार्यक्रम’, ‘विद्यार्थी’, ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शिक्षण’ हे चार शब्द शोधून पाहावेत.